मखमलचा उपास

मिरजेच्या वेदना-संशोधन केंद्रात दुसऱ्या मजल्यावर डॉ. सुव्रता उपाध्ये यांची प्रयोगशाळा होती. त्या सकाळी तिथल्या मधल्या टेबलावर, सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी, एक काचेची पेटी येऊन बसली. सफाईच्या बाईंनी उंबऱ्यावरूनच आत डोकावलं आणि आज ही खोली सोडून बाकीचं झाडून घेते, असं जाहीर करून टाकलं. पेटीत नारळाच्या भुशावर तळहाताएवढी, केसाळ, टॅरंटुला जातीची कोळीण बसली होती. अंगावर तपकिरी-गुलाबी झाक, आठही पाय अंगाशी ओढून घेतलेले. तिच्यापासून वीतभर अंतरावर एक रातकिडा निवांत फिरत होता. फिरता फिरता तो तिच्या एका पायावर चढला आणि पलीकडे उतरला. ती हलली नाही.

ही मखमल. सुव्रताच्या थोरल्या भावाने, श्रेयांसने, ती नखाएवढी असताना घरी आणली होती. श्रेयांस सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. ज्या जैन घरात आई मुंग्यासुद्धा कागदावर घेऊन अंगणात सोडायची, त्या घरात त्याने जिवंत किडे खाणारा प्राणी पाळला, म्हणून आईने त्याच्याशी कितीतरी दिवस अबोला धरला होता. पुढे आईच शेजारणींना मखमल दाखवायला बोलावू लागली, तो भाग वेगळा.

गेल्या उन्हाळ्यात श्रेयांसने मखमल देऊन टाकली. "तू घेऊन जा, सुवी," तो म्हणाला होता. "माझं लक्ष लागत नाही तिच्यात." सुव्रताने पेटी गाडीत घातली, जपून घरी नेली आणि त्या दिवसापासून मखमलने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. पोट सुरकुतत चाललं होतं. दादाने इतकी वर्षं सांभाळलेला जीव आपल्या हातात येऊन मरणार, या विचाराने सुव्रताला रोज पेटीसमोर उभं राहणंही जड जाऊ लागलं होतं. शेवटी तिने कोल्हापूरला इरफान मुजावरांना फोन केला.

इरफान कोळ्यांचे अभ्यासक. श्रेयांसचे जुने मित्र, आणि मखमल त्यांच्याकडूनच आली होती. ते दुपारी आले, पायातले बूट काढून ठेवले, आणि पेटीपुढे स्टूल ओढून बराच वेळ नुसते बसून राहिले.

"इरफानदादा, आजारी आहे का हो ती?" सुव्रताने विचारलं.

"तसं दिसत नाही. कात टाकायच्या आधी ह्या जेवण सोडतात, पण तेव्हा पोट काळं पडून चकाकतं. हिचं तसं नाही. पाणी पिते?"

"पिते."

"मग उगाच घाबरू नकोस. ह्या जातीच्या माद्या वर्ष-वर्ष उपास काढतात. तुमच्या घरात राहून तेवढं तर शिकलीच असेल." ते हसले. सुव्रता हसली नाही. तेव्हा त्यांनी चिमट्याने त्या रातकिड्याला हलकेच ढकलत मखमलच्या पुढ्यात नेलं.

आता मखमल उठली. पुढचे दोन पाय उंचावून सावकाश चार पावलं पुढे आली, एका पायाचं टोक किड्याच्या पाठीला लावलं, आणि चटका बसावा तशी मागे सरली.

"पाहिलंस?" इरफान म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "भूक आहे तिला. भूक नसती तर उठलीच नसती. तिने चव घेतली, आणि नको म्हणाली."

"पायाने चव?"

"हिच्या पायांच्या टोकांवरचे केस म्हणजे हिची जीभ. हा किडा कुठून आणलास तू?"

सुव्रता क्षणभर घुटमळली. "आमचाच आहे. म्हणजे आमच्या तंत्राने तयार केलेला. निर्वेदन रातकिडा. बाजारात पेटीबंद मिळतात आता." मग तिने खालच्या आवाजात पुढे सांगितलं, "मला साधा किडा घालवेना. तो पळतो, पाय झाडतो. हे असं काही करत नाहीत. यांना दुखत नाही."

"ते तंत्र मला नीट समजावून सांग," इरफान म्हणाले. "मी फक्त कोळ्यांच्या पायांपुरता शिकलेला माणूस आहे."

सुव्रताने हे शेकडो वेळा सांगितलं होतं. "शरीराला इजा झाली की तिची वार्ता मज्जातंतूंवरून मेंदूत जाते. तिथे एक नाका आहे असं समजा. त्या नाक्यावरून ती वार्ता बाकीच्या मेंदूला वाटली जाते. आम्ही एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर एक जनुक बसवून पाठवतो. तो नाक्यावरच्या पेशी शोधतो आणि त्या कायमच्या बंद करतो. आम्ही त्याला वेदनाकुलूप म्हणतो. स्पर्श, ऊब, गारवा, सगळं शाबूत राहतं. फक्त वेदना जाते."

"गेली हे कशावरून ओळखता?"

"सुई टोचली तर प्राणी पाय ओढून घेत नाही. नाडी वाढत नाही. ओरडत नाही. माणूस असेल तर त्याला विचारतो, दुखतंय का? तो नाही म्हणतो."

इरफाननी मान डोलावली. किड्याला चिमट्यात धरून उजेडात नेलं. "ह्याचे मागचे पाय कुठायत?"

"उड्या मारून पेटीबाहेर जाऊ नयेत म्हणून कारखान्यात कापतात," सुव्रता म्हणाली, आणि म्हणताना तिला आपलं बोलणं ऐकू आलं.

हे असंच होत गेलं होतं. कुलूप आधी रातकिड्यांना बसलं, मग कोंबड्यांना. कोंबड्यांना दुखत नाही म्हटल्यावर पिंजरे अरुंद झाले, चोची जास्त खोल छाटल्या जाऊ लागल्या. सुव्रता एकदा तासगावजवळच्या एका पोल्ट्रीत गेली होती. हजारो पक्षी एकमेकांना चिकटून उभे होते आणि शेडमध्ये आवाज नव्हता. ती दारातच थांबली होती. पण मालक म्हणाला, "मॅडम, तुमचे उपकार आहेत. पूर्वी ह्यांचा कलकलाट ऐकवायचा नाही." परतताना तिनेही स्वतःला तेच विचारलं. दुखतच नाही, तर मग बिघडलं कुठे?

आणि मग कुलूप माणसांना बसलं. पहिल्या काही रुग्णांत श्रेयांस होता. मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या नसा खांद्याच्या मुळापासून उपटल्या गेल्या होत्या. हात निर्जीव लोंबत होता, पण त्याला तो अहोरात्र उकळत्या तेलात बुडवून ठेवल्यासारखा वाटायचा. तो ओरडायचा. प्राणिशास्त्राचा शांत प्राध्यापक, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल इतका ओरडायचा. अफूपासून काढलेलं एक कडू औषध तेवढं लागू पडायचं, पण त्याने तो दिवसभर गुंगीत राहायचा, म्हणून त्यानेच ते सोडलं. कुलपाला तो लगेच तयार झाला नव्हता. सुव्रताने त्याची समजूत घातली, आठवडाभर घातली. विषाणू टोचल्यावर महिन्याभरात त्याचं ओरडणं थांबलं. रोहिणीवहिनीने बस्तीतल्या जिनमूर्तीला अभिषेक करवला आणि सुव्रताच्या हातावर अभिषेकाचं गंधोदक घालताना ती रडली होती.

"कुलूप बसवलेला, पण पाय शाबूत असलेला किडा आहे का तुझ्याकडे?" इरफान विचारत होते.

होता. पैदास-खोलीत तसे पुष्कळ होते. सुव्रताने एक आणला, पेटीत सोडला. तो भुशावर जेमतेम टेकतो न टेकतो तोच मखमलने झेप घातली.

सुव्रताला हायसं वाटलं. इतक्या दिवसांनी मखमल खात होती. "म्हणजे कुलपाचा दोष नाही," ती म्हणाली. "पाय कापलेले तिला आवडत नाहीत, एवढंच."

इरफाननी चिमट्यातला पाय कापलेला किडा डबीत सोडला. मग म्हणाले, "सुव्रता, मी गेली कित्येक वर्षं माझ्या कोळ्यांना पाय मोडलेले साधे किडे घालतोय. लहान कोळ्याला उड्या मारणारा किडा पकडता येत नाही, म्हणून. सगळे कोळी खातात. पाय मोडलेला चालतो, कुलूप लावलेला चालतो. दोन्ही एकदम झालं की चालत नाही. का?"

सुव्रताने वही ओढून तीन रकाने आखले.

मखमलला पुन्हा भूक लागेपर्यंत थांबावं लागणार होतं. मधल्या दिवसांत इरफाननी कोल्हापुरात आपल्या कोळ्यांवर हाच प्रयोग करून पाहिला, आणि फोनवर सांगितलं की सगळ्यांनी तेच केलं: पायाचं टोक लावलं आणि मागे सरले. इकडे सुव्रताने एक साधा रातकिडा घेतला. त्याला कुलूप नव्हतं. बारीक कात्रीने तिने त्याचे मागचे पाय स्वतः कापले. असलं काम ती सहायकाला सांगू शकली असती, पण सांगावंसं वाटलं नाही. किडा उलटापालटा झाला, तोंडाने जखम चावू लागला, डबीच्या भिंतींवर धडका देत राहिला. सुव्रता खुर्चीत बसून ते बघत राहिली. दुसऱ्या दिवशी मात्र तो कोबीच्या पानावर बसून खात होता. तो तिने मखमलला घातला. मखमलने खाल्ला.

मग तिने तिन्ही प्रकारच्या किड्यांच्या अंगातला द्रव तपासायला लावला. किडा संकटात सापडला की त्याच्या अंगात एक क्षोभद्रव्य उसळतं. साध्या किड्यात पाय कापल्यावर ते भराभर वाढलं होतं आणि दुसऱ्या दिवशी उतरलं होतं. नुसतं कुलूप असलेल्यात ते नाममात्र होतं. कुलूप असलेल्या आणि पाय कापलेल्या किड्यात ते पहिल्या तासाला वाढलं, दुसऱ्या दिवशी आणखी वाढलं, आणि किडा मरेपर्यंत वाढतच गेलं. हे किडे शांतपणे चालत होते, आणि त्यांचं अंग मात्र तडफडून मरणाऱ्या किड्याचं होतं. मखमलच्या पायाला तेच लागत होतं. असलं भक्ष्य रोगट, म्हणून ती ते टाकत होती.

इरफान पुन्हा आले. सुव्रताने पडद्यावर आकडे दाखवले. दोघांनी ते पुन्हा पुन्हा पाहिले.

"हे आधी कुणी मोजलं नाही?" इरफाननी विचारलं.

"कशाला मोजणार? पाय ओढत नव्हता, हृदय शांत होतं. आम्हाला वाटलं, संपलं." सुव्रताने पडदा बंद केला. "इरफानदादा, दुखणं म्हणजे दोन गोष्टी असतात. एक आतला जाच. आणि दुसरी त्याची हाक. पाय झाडणं, ओरडणं, धडधडणं, ही सगळी हाक. आम्ही हाक मोजत होतो, कारण जाच मोजायला साधनच नाही. जाच त्या नाक्याच्या अलीकडेच होत असणार. आम्ही फक्त पुढची वाट बंद केली."

"आणि दुसऱ्या दिवशी वाढतं ते?"

"साधा किडा पाय झाडतो, जखम चावतो, मग निवतो. हाक मारून झाली की जाच ओसरतो, असं दिसतंय. ज्याला हाकच मारता येत नाही, त्याचा साचत जातो."

इरफाननी पेटीकडे पाहिलं. मखमल पोटभर खाऊन आत ठेवलेल्या झाडाच्या सालीखाली गेली होती. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो विचारू नये म्हणून सुव्रता सकाळपासून एकसारखी बोलत होती.

"श्रेयांसकडे जाऊन आलीस?"

"त्याला मी दर भेटीत विचारते. तो म्हणतो दुखत नाही."

"किडाही काही म्हणत नव्हता."

"दादा माणूस आहे हो. त्याला बोलता येतं. दुखत असतं तर सांगितलं नसतं का?"

"'दुखतंय' हा शब्द कुठून येतो, सुव्रता? नाक्याच्या अलीकडून की पलीकडून?"

उत्तर तिला ठाऊक होतं. शब्द हीसुद्धा हाकच. खोटं बोलत नव्हता दादा. त्याला विचारलं की तो प्रामाणिकपणे आपल्या मनात शोधत असेल, आणि त्याचं मन नाक्याच्या पलीकडे होतं. तिथे काही पोचतच नव्हतं.

त्याच दिवशी तिने केंद्राच्या संचालकांना फोन केला आणि नवे उपचार थांबवा म्हणून विनवलं. देशभरच्या रुग्णालयांत कुलूप बसवण्याचं काम चालू होतं. संचालकांनी सगळं ऐकून घेतलं. "एक कोळी खात नाही म्हणून?" ते म्हणाले. "मॅडम, आपल्या एकाही रुग्णाची तक्रार नाही. एकाही."

"तेच सांगतेय मी, सर. तक्रार येऊच शकणार नाही."

"मग सिद्ध कसं करणार?"

त्याचं उत्तर शोधायला तिला दिवस लागले. खरं तर उत्तर लवकर सापडलं होतं. सांगलीला जायचं धाडस व्हायला दिवस लागले. तिने आधी कोंबड्यांवर करून पाहिलं. नव्हे, कोंबड्यांवर करून पाहणं गरजेचं आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली, आणि त्या निमित्ताने मिरज सोडली नाही.

कल्पना साधी होती. हाक मारायची वाट नाक्यावरून जाते, पण जीव आणखी एका वाटेने शिकत असतो. कुठलं पाणी प्यायल्यावर बरं वाटलं हे तो हळूहळू, न सांगता शिकतो आणि पुढच्या वेळी तिकडेच वळतो. तिने चोच छाटलेल्या आणि चोच शाबूत असलेल्या, अशा दोन्ही निर्वेदन कोंबड्यांपुढे दोन भांडी ठेवली. एकात स्वच्छ पाणी. दुसऱ्यात ते जुनं अफूचं कडू औषध मिसळलेलं पाणी. ते औषध कुलपाच्या अलीकडे, मणक्यातच वार्ता अडवतं. चोच शाबूत असलेल्या कोंबड्या कडू पाण्याला एकदा तोंड लावून परत फिरल्या. चोच छाटलेल्या मात्र थोड्याच दिवसांत कडू भांड्याभोवती गर्दी करू लागल्या. आवाज न करता, एकमेकींना रेटत.

त्यानंतर मात्र निमित्त उरलं नाही.

सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी रोहिणीवहिनीने दार उघडलं. श्रेयांस गच्चीत वेताच्या खुर्चीत बसला होता. सुव्रताने वहिनीला स्वयंपाकघरात नेलं आणि ओट्याजवळ उभं राहून सगळं सांगितलं. वहिनी भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"म्हणजे त्यांना अजून...?"

"खात्री करायला हवी, वहिनी."

"ताई, ते ओरडत होते ना, तेव्हा मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. त्यांना कळायचं की मी आहे. तुम्ही सांगितलंत की आता दुखत नाही, म्हणून मी हात फिरवायचा सोडला." तिचा आवाज चढला नव्हता. "दीड वर्ष झालं. ते पुस्तक उघडत नाहीत. नातेवाईक आले तर बोलत नाहीत. मी म्हणायचे, दुखणं गेलं तरी माणूस सुतकात असल्यासारखा का बसतो? मी रागावायचे हो त्यांच्यावर."

सुव्रताला वाटलं, वहिनीने एक तोंडात दिली असती तर बरं झालं असतं.

"परत त्यांच्यावर प्रयोग करणार?" वहिनीने विचारलं.

"दादाला आधी सांगितलं तर निवडीला अर्थ राहणार नाही. शेवटी मी स्वतः सांगेन सगळं. औषधाची मात्रा अगदी थोडी आहे."

वहिनी ओट्याकडे पाठ करून उभी राहिली. मग म्हणाली, "करा. पण तुम्ही इथे राहा. करून निघून जाऊ नका."

सुव्रता राहिली. वहिनीने आवळ्याचं सरबत केलं. एक दिवस ते हिरव्या पेल्यात नुसतं दिलं, दुसऱ्या दिवशी निळ्या पेल्यात औषध घालून. "ताकदीसाठी आहे, दोन प्रकारचं आणलंय," सुव्रताने सांगितलं, आणि श्रेयांसने काही न विचारता प्यायलं. निळा पेला पिताना तोंड वाकडं केलं. आणखी एकेकदा दोन्ही दिले. त्यानंतर रोज सकाळी दोन्ही पेले समोर ठेवून सुव्रता म्हणायची, "दादा, हवा तो घे."

पहिल्या सकाळी त्याने हिरवा उचलला. सुव्रताचे डोळे भरून आले. त्या दिवसभर ती इतकी हलकी होती की वहिनीबरोबर बाजारात जाऊन तिने मेथीच्या दोन जुड्या निवडून आणल्या. दुसऱ्या सकाळी त्याचा डावा हात दोन पेल्यांच्या मधे थांबला आणि निळ्याकडे वळला. तिसऱ्या सकाळी थांबला नाही. सुव्रताने रंगांची अदलाबदल केली, औषध हिरव्यात घातलं. दोन दिवस त्याचा गोंधळ उडाला, आणि मग हात हिरव्याकडे जाऊ लागला.

एका सकाळी त्याने पेला रिकामा केला, तळाशी राहिलेला थेंब जिभेवर घेतला आणि म्हणाला, "फार कडू आहे हे."

"मग दुसरा घे ना. तो गोड आहे."

"माहितेय." त्याने रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. "काय कोण जाणे. हात इकडेच जातो. यात काय आहे, सुवी?"

वहिनी दारात येऊन उभी राहिली. सुव्रता त्याच्यासमोर खाली बसली आणि सांगू लागली. मखमलने किडा कसा नाकारला इथपासून. श्रेयांस ऐकत होता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर जुन्या प्राध्यापकाची काहीशी छटा उमटली.

"तुलनेला साधा किडा घातला होतास?" मधेच त्याने विचारलं.

"घातला होता. पाय कापून. तिने खाल्ला."

"आणि शाबूत पायांचा, कुलूपवाला?"

"तोही खाल्ला."

"हं." त्याने मान हलवली. "पुढे."

तिने क्षोभद्रव्याचं सांगितलं, नाक्याचं सांगितलं, कोंबड्यांची दोन भांडी सांगितली, आणि शेवटी हिरवा आणि निळा पेला. "मी तुला न सांगता हे केलं," ती म्हणाली. "आणि त्याआधीचं सगळं तुला सांगून, तुझी समजूत घालून केलं. तू नको म्हणत होतास. कुलूप आता काढता येत नाही, दादा. त्या पेशी परत उघडत नाहीत. हे औषध तेवढं देता येतं."

श्रेयांसने पेला खाली ठेवला. मग "थांब जरा," म्हणून त्याने डोळे मिटले. लोंबत्या उजव्या हातावर डावा हात ठेवला आणि अंधाऱ्या खोलीत हरवलेली वस्तू चाचपडावी तसा तो स्वतःच्या आत शोधत राहिला. गच्चीखालून भाजीवाला ओरडत गेला. वहिनी त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती, पण पाठीवर हात ठेवायचं तिला धैर्य होत नव्हतं.

त्याने डोळे उघडले.

"नाही गं," तो म्हणाला. "काहीच सापडत नाही. पण तुझा प्रयोग बरोबर आहे. मी चूक शोधली, मला दिसली नाही." तो तिच्याकडे एकटक पाहत होता. रोगी डॉक्टरकडे पाहतो तसा. "मग आता तूच सांग, सुवी. मला दुखतंय का?"

दीड वर्ष हा प्रश्न तीच त्याला विचारत आली होती, आणि प्रत्येक वेळी "नाही" ऐकून निर्धास्त मनाने मिरजेला परतली होती.

"हो दादा," ती म्हणाली. "दुखतंय. फार दुखतंय तुला."

श्रेयांसने सावकाश मान डोलावली. मागून वहिनीचा हात त्याच्या पाठीवर आला आणि वरून खाली फिरू लागला.

"तरीच," तो म्हणाला.